वेतॉयचं पॉपीचं शेत: एक दरोडा, एक विक्री आणि एकच चित्र

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या कुन्स्टहाउस संग्रहालयात फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं एक तैलचित्र आहे, 'वेतॉयजवळचं पॉपीचं शेत'. १८७९च्या आसपास रंगवलेलं. १९४१ साली ते विकलं गेलं आणि २००८ साली पिस्तुलाच्या धाकानं पळवलं गेलं. पळवलेलं चित्र आठ दिवसांत परत मिळालं. विक्रीचा वाद मात्र त्या विक्रीला ऐंशी वर्षं उलटून गेल्यावरही, जून २०२४पर्यंत, मिटलेला नव्हता.

दोन्ही बाबतींत चित्र सांभाळणाऱ्यांना निर्णय घ्यावे लागले. दरोड्यानंतरचे निर्णय झटपट आणि उघड झाले. विक्रीबद्दलचे निर्णय मात्र रेंगाळले, आणि बराच काळ ज्याचा हितसंबंध होता त्याच्याच हातात राहिले. असं का झालं, आणि कुठे वेगळं वागता आलं असतं, हे तपासण्यासाठी हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. संग्रहालयांत काम करणाऱ्यांना आणि वारसाहक्काच्या कायद्यात रस असणाऱ्यांना ते उपयोगी पडावं. संस्था आणि इतिहासातल्या व्यक्ती नावानिशी येतील. दरोडेखोर, कर्मचारी आणि आज हयात असलेले वारस यांची नावं दिलेली नाहीत. घटनाक्रम जून २०२४पर्यंतचा आहे.

चित्र

मोने १८७८ साली पॅरिसच्या वायव्येला, सीन नदीच्या काठावरच्या वेतॉय गावात राहायला गेला. हातात पैसा नव्हता. त्याची चित्रं विकत घेणारा व्यापारी एर्नेस्त ओशेदे दिवाळखोरीत निघाला होता आणि ओशेदे कुटुंब मोनेच्या कुटुंबासोबत एकाच घरात राहत होतं. दोघांची मिळून आठ मुलं. मोनेची पत्नी कामिय अंथरुणाला खिळली होती. ५ सप्टेंबर १८७९ला ती वारली, वय अवघं ३२. हे चित्र त्याच सुमाराचं आहे.

पुढे पॉपीनं लालेलाल झालेलं रान, त्यात फुलं वेचत असलेल्या लहानशा आकृती, मागे गाव आणि चर्चचा मनोरा, वर ढगाळ उजेड. पॉपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुद्दाम लावलेला फुलांचा मळा येतो. तसं ते नाही. नांगरलेल्या जमिनीत, धान्याच्या पिकात आपसूक उगवणारं हे तण. तणनाशकं येण्याआधी युरोपातली शेतं दर उन्हाळ्यात अशी लाल व्हायची. शेतकऱ्याला ते नकोसं आणि मोनेला हवंसं. १८७३ साली आर्जांतयजवळही त्यानं असंच एक रान रंगवलं होतं. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि त्या दोघांची बऱ्याचदा गल्लत होते.

जवळ जाऊन पाहिलं तर फूल सापडत नाही. पाकळी नाही, देठ नाही. नुसते लाल रंगाचे फटकारे, पायाशी मोठे आणि दूर जाताना बारीक होत गेलेले. शेजारी हिरवा असल्यामुळे तो लाल आणखी पेटतो. माणसांनाही वेगळी वागणूक नाही, तीही तशाच दोन-चार फटकाऱ्यांत उरकलेली. शेतात वावरणारी माणसं आणि शेत एकाच उजेडाचे भाग आहेत, हे मोनेला सांगायचं होतं आणि ते त्यानं रेखाटन न करता सांगितलं.

हे सगळं इथे लिहायचं कारण एवढंच, की पुढच्या पानांवर हे चित्र सतत 'मालमत्ता' म्हणून येईल. आधी ते चित्र म्हणून नीट पाहिलेलं बरं.

पार्श्वभूमी: चित्र कुणाकडून कुणाकडे

मॅक्स एम्डेन हे हॅम्बर्गचे बडे व्यापारी. डिपार्टमेंट स्टोअरच्या धंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली आणि विसाच्या दशकात बरीचशी दुकानं विकून मोकळे झाले. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला माज्जोरे सरोवरातली ब्रिसागो बेटं त्यांनी विकत घेतली, तिथे प्रासाद बांधला आणि चित्रांसह तिथेच राहू लागले. जन्मानं ते ज्यू होते. पुढे ख्रिस्ती झाले होते, पण १९३३नंतरच्या जर्मनीत त्या धर्मांतराला काही किंमत नव्हती. जर्मनीत राहिलेली त्यांची मालमत्ता हळूहळू हातातून गेली. १९३४ला त्यांना स्विस नागरिकत्व मिळालं. १९४०च्या जूनमध्ये ते वारले.

त्यांचा मुलगा तोवर सज्ञान झालेला असल्यामुळे वडिलांच्या नागरिकत्वाचा त्याला लाभ झाला नाही. जर्मन नागरिकत्व गेलेलं, स्विस मिळेना. हैतीच्या पासपोर्टवर तो चिलीला निघून गेला. १९४१ साली वडिलांच्या संग्रहातलं हे मोने एका कलाव्यापाऱ्यामार्फत सुमारे ३०,००० फ्रँकला विकलं गेलं. घेणारे होते एमिल गेओर्ग ब्यूर्ले.

ब्यूर्ले मूळचे जर्मनीतल्या फोर्झहाइमचे. १९२४ साली ते झुरिकच्या ओर्लिकोन कारखान्यात आले, पुढे त्याचे मालक झाले, १९३७ला स्विस नागरिक झाले. ओर्लिकोनची २० मिलिमीटरची विमानविरोधी तोफ हे त्यांचं मुख्य उत्पादन. युद्धाच्या सुरुवातीला त्यांनी फ्रान्स आणि ब्रिटनला तोफा विकल्या. १९४०मध्ये फ्रान्स पडल्यावर जर्मनी आणि इटली हे मोठे गिऱ्हाईक झाले. युद्ध संपलं तेव्हा ते स्वित्झर्लंडमधले सगळ्यात श्रीमंत गृहस्थ होते. त्याच पैशातून चित्रं येत होती.

ब्यूर्लेंच्या खरेदीतली काही चित्रं फ्रान्समधल्या ज्यू मालकांकडून सरळसरळ लुटलेली होती. १९४८ साली स्विस सर्वोच्च न्यायालयानं तसा निवाडा दिला आणि ब्यूर्लेंना १३ चित्रं परत करावी लागली. त्यांतली नऊ त्यांनी मूळ मालकांकडून पुन्हा विकत घेतली. मोनेचं पॉपीचं शेत या यादीत नव्हतं. कारण ते कुणी लुटलेलं नव्हतं. ते रीतसर विकत घेतलेलं होतं, पावतीसकट. हा फरक पुढे सगळ्या वादाच्या मुळाशी येतो.

ब्यूर्ले १९५६ला वारले. कुटुंबानं १९६० साली प्रतिष्ठान स्थापन करून संग्रहाचा मोठा भाग त्याच्या स्वाधीन केला आणि झुरिकच्या एका निवासी भागातल्या व्हिलामध्ये तो लोकांना पाहायला खुला झाला.

पहिली अडचण: १० फेब्रुवारी २००८

रविवार होता. संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला, म्हणजे बंद व्हायला अर्धा तास असताना, तोंड झाकलेले तीन जण व्हिलात शिरले. एकानं पिस्तूल रोखून कर्मचारी आणि प्रेक्षकांना जमिनीवर पडून राहायला लावलं. बाकीच्या दोघांनी दिवाणखान्यातल्या भिंतीवरून चार चित्रं उतरवली: मोनेचं हे शेत, सेझानचा लाल जाकिटातला मुलगा, देगाचं काउंट लपिक आणि त्याच्या मुलींचं चित्र आणि व्हॅन गॉगच्या फुललेल्या चेस्टनटच्या फांद्या. काही मिनिटांत सगळं आटोपलं. चित्रं पांढऱ्या गाडीत कोंबून ते पसार झाले. एकूण किंमत १८ कोटी फ्रँकच्या घरात.

त्यांनी निवड केलीच नव्हती, हे लगेच लक्षात आलं. हाताला आधी लागली ती चार चित्रं नेली. त्याच खोलीत त्यांहून महाग चित्रं तशीच राहिली. म्हणजे कुणा छुप्या संग्राहकानं यादी देऊन केलेली ही चोरी नव्हती. चार दिवस आधी झुरिकपासून जवळच, फेफिकोनच्या एका प्रदर्शनातून पिकासोची दोन चित्रं चोरीला गेली होती. तीही पुढे २०११मध्ये सर्बियात सापडली.

पहिला निर्णय: गप्प राहायचं की ओरडायचं

अशा वेळी संस्थेपुढे दोन रस्ते असतात. एक, बोभाटा न करता दरोडेखोरांच्या निरोपाची वाट पाहायची. लाज वाचते, बोलणी करायला जागा राहते, आणि घाबरून चित्र जाळून टाकण्याची शक्यता कमी होते, असं या बाजूचे लोक म्हणतात. दोन, ताबडतोब जगभर फोटो पाठवायचे. मग ते चित्र कुठल्याही लिलावात, कुठल्याही दुकानात विकता येत नाही.

पोलीस आणि प्रतिष्ठानानं दुसरा रस्ता घेतला. दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद, चारही चित्रांचे फोटो, आणि माहिती देणाऱ्याला एक लाख फ्रँकचं बक्षीस. हा निर्णय अचूक होता असं मला वाटतं. प्रसिद्ध चित्राला चोरबाजारातही खरा भाव येत नाही. गुन्हेगारांच्या आपापसातल्या व्यवहारात तारण म्हणून फिरवणं किंवा खंडणी मागणं, एवढेच त्याचे उपयोग. फोटो जितके लवकर पसरतात तितकं ते तारण निरुपयोगी होत जातं.

१८ फेब्रुवारीला बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाच्या पार्किंगमध्ये एक पांढरी ओपेल गाडी उभी दिसली. ही जागा व्हिलापासून अगदी जवळ. गाडीत मोने आणि व्हॅन गॉग होते, दोन्ही सुस्थितीत. प्रदर्शनात त्यांच्यावर बसवलेली काचही तशीच होती.

त्या काचेबद्दल थोडं. इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोनेसारख्या मोकळ्या फटकाऱ्यांत उजेड पकडणाऱ्या, चित्रांवर काच बसवायला अनेक क्युरेटर (संग्रह सांभाळणारे तज्ज्ञ) नाखूश असतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. रंगाचा जाड थर, त्यावरच्या ब्रशच्या खुणा, तिरप्या उजेडात उठून दिसणारे फटकारे, हे सगळं काचेमागे थोडं मरतं. प्रेक्षकाला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं ते वेगळंच. पण चित्र भिंतीवरून ओढून गाडीत कोंबलं जातं तेव्हा त्या उंचवट्यांना वाचवणारी तेवढीच एक गोष्ट असते. दरोड्याच्या कितीतरी आधी कुणीतरी घेतलेला हा साधा निर्णय होता, आणि माझ्या मते मोने शाबूत परत येण्याचं श्रेय पोलिसांइतकंच त्यालाही आहे. जून २०२४मध्ये ओर्सेतल्या आर्जांतयच्या पॉपींवर एका हवामान आंदोलक बाईनं लाल स्टिकर चिकटवला, तेव्हा काच हवी की नको हा प्रश्न पुन्हा सगळीकडे चघळला गेला. त्या चित्राचं कायमचं नुकसान झालं नाही. मी काचेच्या बाजूनं आहे.

देगाचं चित्रही पुढे परत मिळालं. सेझानचं चित्र एप्रिल २०१२मध्ये सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये सापडलं आणि संग्रह पुन्हा पूर्ण झाला.

दुसरा निर्णय: व्हिलाचं काय करायचं

चित्रं परत येत होती, पण घराचा भरवसा गेला होता. व्हिलाची मजाच ती होती, की तिथे चित्रं घरात लावल्यासारखी दिसायची. दाराशी तपासणी, आत जाळ्या आणि पहारे बसवले तर घरपण जाणार, आणि एवढं करूनही निवासी भागातलं ते घर किल्ला होणार नव्हतं. पूर्ण बंद करावं तर प्रतिष्ठानाचा हेतूच संपतो. तिसरा पर्याय, मोठ्या सार्वजनिक संग्रहालयाच्या आसऱ्याला जायचं.

सुरुवातीला मधला मार्ग निघाला. आधी नोंदणी केलेल्यांनाच प्रवेश, तोही मर्यादित. २०१५मध्ये व्हिला लोकांसाठी बंद झाली आणि चित्रं परदेशच्या प्रदर्शनांत फिरली, त्यात जपानचा दौरा गाजला. दरम्यान कुन्स्टहाउसच्या नव्या इमारतीची तयारी चालू होती. ही कल्पना दरोड्याच्या आधीपासूनची आहे, दरोड्यानं ती जन्माला घातली नाही. पण व्हिलाकडे परत जायचा रस्ता मात्र त्यानं जवळजवळ बंद केला. नोव्हेंबर २०१२मध्ये झुरिकच्या मतदारांनी इमारतीच्या खर्चाला मंजुरी दिली. वास्तुविशारद डेव्हिड चिपरफिल्डनं आखलेली ती इमारत ऑक्टोबर २०२१मध्ये उघडली आणि ब्यूर्ले संग्रहातली सुमारे दोनशे चित्रं आणि शिल्पं दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर तिथे आली.

सुरक्षेचा प्रश्न सुटला. पण खासगी प्रतिष्ठानाच्या व्हिलात जे प्रश्न कुणी फारसे विचारत नव्हतं, ते करदात्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या इमारतीत विचारले जाणारच होते. तोफांच्या पैशातून जमवलेला संग्रह शहराच्या नावानं मिरवायचा का? आणि त्यातली चित्रं मुळात कुणाची?

दुसरी अडचण: १९४१ची विक्री

एम्डेन यांच्या वारसांनी पॉपीच्या शेतावर हक्क सांगितला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नाझी राजवटीनं कुटुंबाची जर्मनीतली संपत्ती हिरावली, मुलाला देशोधडीला लावलं, त्यातून ही विक्री झाली. ती राजवट नसती तर हे चित्र १९४१ साली, युद्ध ऐन भरात असताना, विकायला निघालंच नसतं.

प्रतिष्ठानानं हा दावा मान्य केला नाही. विक्री स्वित्झर्लंडमध्ये झाली, तिथे नाझींची सत्ता नव्हती. विकणारा चिलीत सुरक्षित होता. किंमत बाजारभावाची होती आणि पैसे मिळाले. मग यात जबरदस्ती कुठली?

माझा कल वारसांकडे आहे, म्हणून प्रतिष्ठानाची बाजू आधी तोलतो. त्यांच्या बाजूनं जाणारी एक ठोस गोष्ट आहे: ब्रिसागो बेटं कुटुंबाकडेच होती, ती १९४९ साली तिथल्या कँटन (स्विस प्रांत) आणि इतर संस्थांना विकली गेली. म्हणजे १९४१ला मुलगा अगदी कफल्लक नव्हता. आणि स्वित्झर्लंडमध्ये पूर्वापार एक भेद पाळला जातो. नाझींनी हिसकावलेली चित्रं एका बाजूला, आणि पळून आलेल्या लोकांनी सुरक्षित देशात स्वतः विकलेली चित्रं दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारात परत द्यायचं, दुसऱ्या प्रकारात व्यवहार पक्का धरायचा. ज्या देशात युद्धकाळात निर्वासितांच्या चित्रांचा मोठा बाजार भरला होता, त्या देशाला हा भेद सोयीचा होता हे सांगायला नकोच.

आता दुसरी बाजू. नाझींनी हिसकावलेल्या कलाकृतींबद्दलच्या १९९८ सालच्या वॉशिंग्टन तत्त्वांवर ४४ देशांनी सहमती दिली, त्यात स्वित्झर्लंड होतं. ही तत्त्वं कायद्यानं बांधत नाहीत, पण न्याय्य तोडगा शोधायला सांगतात. याच विषयावरच्या २००९च्या तेरेझिन जाहीरनाम्यात तर दबावाखाली झालेल्या विक्रीचाही उल्लेख आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे याच एम्डेन कुटुंबाचा एक जुळता दाखला आहे. मॅक्स एम्डेन यांनी १९३८ साली अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार बेलोत्तो याची चित्रं विकली, ती ऑस्ट्रियातल्या लिंझ इथल्या हिटलरच्या नियोजित संग्रहालयासाठी घेतली गेली. तेव्हा एम्डेन स्वित्झर्लंडमध्येच राहत होते आणि पैसे त्यांना मिळाले होते. तरीही नाझीकाळात गमावलेल्या कलाकृतींच्या वादांसाठीच्या जर्मनीच्या सल्लागार आयोगानं मार्च २०१९मध्ये म्हटलं, की त्यांची आर्थिक कोंडी नाझी राजवटीनं पद्धतशीरपणे केली होती आणि ही विक्री त्याचा परिणाम होती. दोन चित्रं वारसांना परत करण्याची शिफारस झाली आणि ती परत गेली. याच संग्रहातल्या तिसऱ्या बेलोत्तोसाठी वारस ह्यूस्टनच्या संग्रहालयाशी अमेरिकेतल्या न्यायालयात भांडले, तिथे मात्र ते हरले.

बेलोत्तो आणि मोने या दोन विक्रींत फरक आहेत. एक वडिलांनी केली, एक मुलानं. एकीचा खरेदीदार नाझी सरकार, दुसरीचा स्विस कारखानदार. पण 'तो स्वित्झर्लंडमध्ये होता, पैसे मिळाले, विषय संपला' हा जो युक्तिवाद आहे, तो बेलोत्तोच्या निकालानं पुरता ढिला केला. त्यानंतर तरी प्रतिष्ठानानं मोनेची फाइल नव्यानं उघडायला हवी होती.

निर्णय कोण घेत होतं

इथे या प्रकरणाचा गाभा आहे. संग्रहाच्या मालकीचा इतिहास शोधण्याचं काम अनेक वर्षं प्रतिष्ठानाच्याच माणसांनी केलं. काम कष्टाचं होतं आणि बरंच साहित्य त्यातून बाहेर आलं, हे मान्य केलं पाहिजे. पण कोणतं चित्र निर्धोक आणि कोणतं संशयास्पद, हा शिक्काही त्यांनीच मारला. जमीन घेताना आपण विकणाऱ्यानं हातात दिलेला सात-बारा बघून थांबत नाही. जुने फेरफार काढतो, वारसनोंदी बघतो, आणि शोध घ्यायला वकील आपला लावतो, त्याचा नव्हे. झुरिकनं शहराच्या पैशानं इमारत बांधताना ही साधी काळजी घेतली नाही. उसनवारीचा पहिला करार झाला तेव्हा त्याच्या अटीही लोकांपुढे नव्हत्या.

२०२१च्या शेवटी टीकेचा भडका उडाला. इतिहासकार, पत्रकार, कलावंत सगळे बोलले. फेब्रुवारी २०२२मध्ये नवा करार जाहीर झाला, यावेळी उघडपणे. मुदत २०३४ अखेरपर्यंत, आणि मालकीच्या शोधाची जबाबदारी आता कुन्स्टहाउसकडे. त्यानंतर इतिहासकार राफाएल ग्रोस यांच्याकडे स्वतंत्र परीक्षण सोपवण्यात आलं. जून २०२४मध्ये त्यांचा अहवाल आला. पूर्वीचा शोध अपुरा असल्याचं त्यांनी नोंदवलं. ज्यू मालकांकडे कधीकाळी असलेल्या चित्रांचा आकडा प्रतिष्ठानानं ४१ धरला होता, ग्रोस यांना तो ६२ आढळला.

अहवालाच्या काही दिवस आधी प्रतिष्ठानानं स्वतःहून पाच चित्रं प्रदर्शनातून उतरवायचं ठरवलं आणि त्यांच्या वारसांशी तोडगा काढण्याची तयारी दाखवली. कूर्बे, मोने, व्हॅन गॉग, तुलूझ-लोत्रेक आणि गोगँ यांचं प्रत्येकी एक. यादीतलं मोने मात्र त्याच्या जिव्हर्नी गावातल्या बागेचं होतं. पॉपीचं शेत यादीत नव्हतं.

निष्पत्ती

दरोड्याच्या बाजूनं हिशेब पूर्ण आहे. चारही चित्रं परतली, मोनेला इजा नाही, आणि नवी इमारत व्हिलापेक्षा कितीतरी सुरक्षित.

विक्रीच्या बाजूनं हिशेब अर्धाच आहे. करार बदलला, शोधाचं काम दुसऱ्या हातात गेलं, ज्यांना पूर्वी उत्तरच मिळत नव्हतं अशा काही कुटुंबांशी बोलणी सुरू झाली. स्वित्झर्लंडनं अशा वादांसाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचंही २०२३मध्ये ठरवलं. एम्डेन यांच्या वारसांच्या हाती मात्र जून २०२४पर्यंत काहीच पडलेलं नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी २०१२ची होती, असं मी म्हणेन. मतदारांकडे पैसे मागताना शहरानं अट घालायला हवी होती, की संग्रहाची स्वतंत्र तपासणी आधी होईल आणि वादातली चित्रं निकाल लागेपर्यंत करारात येणार नाहीत. तेव्हा शहराचं पारडं जड होतं. प्रतिष्ठानाला जागा हवी होती आणि व्हिलाचा पर्याय दरोड्यानं संपत आणला होता. इमारत उभी राहिल्यावर, भिंती भरल्यावर ती ताकद शहराच्या हातून गेली. भरलेलं दालन रिकामं करायला कुणाला आवडतं?

दुसरी संधी मार्च २०१९ची, बेलोत्तोच्या शिफारशीनंतरची. त्या घडीला प्रतिष्ठानानं वारसांना सांगायला हवं होतं, की आपण दोघं मिळून एक तटस्थ अभ्यासक नेमू आणि कागद त्याच्यापुढे ठेवू. निकाल कुठल्याही बाजूनं लागला असता. कदाचित ब्रिसागो बेटांचा मुद्दा भारी ठरून दावा फेटाळलाही गेला असता. तरी तो निकाल विश्वासाचा असता.

आणि न्याय्य तोडगा म्हणजे चित्र परत करणं एवढंच नाही, हे दोन्ही बाजूंनी लवकर बोलायला हवं होतं. अंशतः मोबदला देऊन चित्र संग्रहालयात ठेवता येतं. मालकी वारसांना देऊन त्यांच्याकडून ते उसनं घेता येतं. विकून रक्कम वाटून घेता येते. किमान पक्षी, चित्राशेजारच्या पाटीवर एम्डेन कुटुंबाची हकिगत पूर्ण लिहिता येते: कोण होते, का गेले, मुलानं कुठल्या पासपोर्टवर देश सोडला, चित्र किती फ्रँकला विकलं. यांतला शेवटचा उपाय फुकटचा आहे, त्याला कुठल्या आयोगाची परवानगी लागत नाही, आणि तो १९६०पासून कधीही करता आला असता.

संग्रहालयात नव्यानं काम करणाऱ्या कुणी विचारलं, की उसनं चित्र भिंतीवर चढवण्याआधी काय तपासू, तर या प्रकरणावरून मी तीन गोष्टी सांगेन. १९३३ ते १९४५ या काळात चित्राचा मालक बदलला असेल तर विकणारा त्या दिवशी कुठल्या देशाचा नागरिक होता ते शोधा. किंमत बाजारभावाची होती का, एवढं विचारून थांबू नका, विकायची वेळ का आली तेही विचारा. आणि या प्रश्नांची उत्तरं चित्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या लेटरहेडवर स्वीकारू नका.